न पेरलेली घोळ

आमच्या घरात घोळ हा शब्द एकटा वापरत नाहीत. आईचे माहेर रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे. तिच्या तोंडी घोळ म्हणजे मासा: हातभर लांब, उन्हात धरला तर सोनेरी झाक मारणारा, महाग. आता तो गुजरातचा राज्यमासा आहे आणि त्याचे श्रेय आई अर्धे स्वतःकडे घेते. माझ्या बायकोचा जन्म सुरतेतल्या नवागामचा, पण आईवडील अमळनेरकडून इथे कापडाच्या लूमच्या कामाला आलेले. तिच्या तोंडी घोळ म्हणजे पालेभाजी: लालसर जाड देठांची, मांसल पानांची, जमिनीला चिकटून पसरणारी, चवीला आंबट. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण असते. शेजारच्या गुजराती मासी त्याच तणाला लूणी म्हणतात.

असे शब्द आणखीही आहेत. आईच्या गावी मुळे म्हणजे खाडीच्या चिखलातून काढायचे शिंपले. नवागामात मुळे म्हणजे भाजीचे मुळे. तिथे अडचण येत नाही, कारण आईला हवे तसे शिंपले सुरतेच्या बाजारात मिळत नाहीत आणि ती त्यांचे नावही काढत नाही. घोळ मात्र दोन्ही मिळतात. मी वर्तमानपत्रात इतरांच्या बातम्या तपासण्याचे काम बरीच वर्षे केले. तिथला साधा नियम असा होता की दोन अर्थांचा शब्द आला तर त्याला आणखी एक शब्द जोडावा. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच तो घरात लागू झाला. एक खवल्यांची घोळ, दुसरी पानांची घोळ. त्यामुळे एकीची वाट पाहताना ताटात दुसरी आली, असे आमच्याकडे कधी घडलेले नाही. वाचणाऱ्यानेही त्याची वाट पाहू नये.

आमचे रो-हाउस सुरतेतच, दिंडोलीच्या बाजूला आहे. पुढे ओटा, ओट्याच्या कडेला मातीची एक अरुंद पट्टी. तिच्यात आईने अबोली, कढीपत्ता आणि गवती चहा लावला आहे. पानांची घोळ तिथे कोणी लावली नाही. ती आली. आई ती रोज सकाळी उपटायची आणि फाटकाशी ढीग घालायची. बायको त्या ढिगातले मुळासकट निघालेले देठ उचलून अबोलीच्या मागे पुन्हा रोवायची आणि वर तांब्याभर पाणी घालायची.

"तणाला पाणी घालणारी सून मी पहिल्यांदाच बघतेय," आई म्हणायची.

"आई, तुम्ही मासा विकत आणून वर नारळ फोडता. मी निदान फुकटच्याला पाणी घालते."

"मासा पोहून पोहून दमलेला असतो. त्याला मान हवा. हे काय करतं दिवसभर?"

दोघींचे पटते. वादही रोज होतो. दोन्ही गोष्टींची मला सवय आहे.

सासूबाई दर रविवारी येतात. नवागाम फार लांब नाही, शेअर रिक्षाने त्या आरामात पोचतात. जावयासमोर डोक्यावरचा पदर त्या सरकू देत नाहीत, आणि बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघतात. भिंतीला उद्देशून त्या बऱ्याच मोकळेपणाने बोलतात. लग्न झाल्यापासून त्यांनी आमच्या घरात काही खाल्ले नव्हते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्न घ्यायचे नाही, पाणीही नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आपला घास लेकीवर भार होऊ नये, हा तिच्यामागचा विचार. सासूबाईंच्या आईने ती पाळली होती, आजीनेही.

सासऱ्यांनी आपल्यापुरती वाट काढलेली होती. ते कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेत, दुसरा कप हातात घेऊन आमच्या ओट्यावर येत आणि अहिराणीत म्हणत, "चहा टपरीना, कप टपरीना. आठे फक्त बसनू." सासूबाईंना असली पळवाट मान्य नव्हती. आईने पहिल्या वर्षी खवल्यांच्या घोळीचे तळलेले तुकडे त्यांच्यासमोर ठेवले होते. सासूबाई तापीकाठच्या, मासे आवडीने खाणाऱ्या. त्यांनी ताटलीकडे बघितले, वास घेतला आणि ताटली हलकेच लेकीकडे सरकवली.

"याहीन, जीव तं भलता व्हस," त्या आईला, आपल्या विहिणीला, म्हणाल्या. खावेसे तर फार वाटत होते. "पन लेकना घरनं."

आईला त्याचा राग आला नव्हता असे म्हणता येणार नाही. पण विहिणीने वास घेतला याचे तिला समाधान होते.

मूल होणार नाही हे आम्हा दोघांना काही वर्षांपूर्वी समजले. तपासण्या झाल्या, बोलणे झाले, आम्ही ते स्वीकारले. सासूबाईंनाही सांगितले. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. रीत मात्र तशीच राहिली. त्याचा अर्थ काय, हे एका रविवारी त्या गेल्यावर बायकोने भांडी घासताना सांगितले.

"नातवंड झालं की खाईन, असं होतं. नातवंड होणार नाही. म्हणजे माय माझ्या घरी जेवणार नाही. कधीच."

तिने हे रडत सांगितले नाही. हिशेब जुळतो का ते बघावे तसे सांगितले. आई दारात उभी होती. तिने ऐकले आणि ओली भांडी पुसायला घेतली.

त्यानंतरचा श्रावण. आई श्रावणात मासे खात नाही, त्यामुळे तिच्या हाताला काम कमी आणि मातीच्या पट्टीकडे लक्ष जास्त होते. पावसाने घोळ अशी माजली की अबोली दिसेना. रविवारी सकाळी आईने ती हातांनी ओरबाडून फाटकाशी टाकली आणि तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या ढिगापाशी थांबल्या आणि तिथेच उकिडव्या बसल्या.

"याहीन, सोनं फेकी ऱ्हायनात तुम्ही!"

"सोनं हवं तर घेऊन जा बाई. आमच्याकडे रोज उगवतं."

सासूबाईंनी कोवळे शेंडे खुडून पदरात घेतले. प्रत्येक देठ मोडून त्या बघत होत्या. घोळीसारखेच दिसणारे एक दुधी तण असते, मोडले की त्यातून पांढरा चीक येतो, ते चुकून भाजीत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी त्या घोळ घरी घेऊन गेल्या, पुढच्या रविवारीही. तिसऱ्या खेपेला बायकोने त्यांना फाटकाशी गाठले. त्यांचा पदर घोळीने भरलेला होता.

"माय, एक सांग. हाई घोय तू घर लई जास, शिजाडस, खास. ती कोना घरनी शे?"

सासूबाईंचा हात देठावरच थांबला.

"कोना घरनी म्हंजे?"

"मना अंगननी ना? म्हंजे तू मना घरनं खाधं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. इतकी वर्षे पाणी न पिता पाळलेली रीत त्यांनी पदर भरभरून मोडली होती, तीही लागोपाठ. त्यांनी घोळ ओट्यावर ठेवली, पदर झटकला आणि चप्पल पायात सरकवली.

"इचारनं पडी," एवढेच म्हणून त्या निघून गेल्या.

"का बोललीस?" आईने सुनेला विचारले. "निदान त्या घरी न्यायच्या तरी. आता तेही गेलं."

बायकोने ओट्यावर राहिलेली घोळ सुपात गोळा केली. 

सासूबाईंनी कोणाला विचारले ते नंतर कळले. नवागामातल्या त्यांच्या गल्लीत दुपारी बायका ओट्यांवर बसून साड्यांना खडे चिकटवतात. सुरतेच्या बाजारातल्या चमचमत्या साड्यांमागे असे पुष्कळ ओटे आहेत. सासूबाईंनी तिथे आपली चूक मांडली. मध्ये नवी साडी, भोवती चार-पाच जणी, हातांना डिंक. त्या ओट्यावर रीतिरिवाजाचे निकाल लागतात आणि ते मानले जातात. बायकोची मावशी तिथे होती, तिच्याकडून सगळे समजले.

एकीचे म्हणणे पडले की लेकीच्या मातीत उगवले ते लेकीचेच. दुसरीने विचारले, पेरले कोणी? कोणी नाही. मग ते कोणाचे? गल्लीतल्या सर्वांत वयस्क बाईने शेवटी सांगितले, "जे कोनी पेरं नई ते कोनंच ऱ्हात नई. वावरमा बी घोय कोनी बी खुडी लई जास, मालक बोलत नई." गावाकडे असेच चालते, हे सगळ्यांना माहीत होते. निकाल लागल्यासारखा झाला. तेवढ्यात एका तरुण सुनेने खडा चिकटवता चिकटवता विचारले, "पन तेले पानी घालतीस का कोनी?"

पाणी घातले असेल तर ती लावलेली भाजी झाली.  खरे काय ते विचारायला सासूबाईंना परत पाठवण्यात आले.

पुढच्या रविवारी त्या आल्या त्या सरळ ओट्यापाशी. सासरे टपरीचा कप घेऊन मागे उभे होते. सासूबाई बसल्याही नाहीत. लेकीकडे बघून विचारले,

"खरं सांग. तू घोयले पानी घालस का व?"

मायजवळ बायकोला खोटे बोलता येत नाही. मी भिंतीजवळ उभा होतो आणि भिंतीइतकाच उपयोगी होतो. आई कढीपत्ता तोडत होती. ती वळली आणि म्हणाली,

"ती? पाणी? ती अबोलीला घालते. तणाला पाणी घालणारी सून मी घरात ठेवीन का?"

हे विधान खरे नव्हते. पण आईने ते इतक्या ठामपणे केले की क्षणभर मलाही शंका आली. बायकोने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. सासूबाईंना ते रडे वाटले असावे. ते हसू होते.

"मंग ठीक शे," सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदा बसल्या. "मंग ती देवनी. खाधं तं पाप नई."

"मग ती इथं शिजवली तरी देवाचीच ना?" आईने लगेच विचारले. ती या प्रश्नाची तयारी करून बसली होती, हे आता उघड झाले.

सासूबाईंनी विचार केला. "तेल कोनं? मीठ कोनं?"

"माझं! हे घर माझं, तेल माझं. तुम्ही लेकीकडे नाही, विहिणीकडे जेवताय."

"याहीन, लेकनं सासर म्हंजेच तं लेकनं घर!"

आईचा डाव तिथेच संपला. सासरे चहाचा घोट घेत म्हणाले, "तेल आपलं लयनं. मीठ बी. मी लयस." एवढे बोलून ते रिक्षा पकडायला गेले. त्यांनी लूमवर जन्म काढला, पण अशी चपळाई मी त्यांच्यात आधी पाहिली नव्हती. परत आले तेव्हा हातात पिशवी होती. तिच्यात नवागामच्या घरची तेलाची बरणी, मिठाची पुडी, तूरडाळ, लसूण, हिरव्या मिरच्या आणि ज्वारी-उडदाचे कळण्याचे पीठ. तवा, पातेले आणि स्टीलची परातही होती.

"गॅस?" सासूबाईंनी विचारले.

गॅस आमचा होता.  मग आईने कंपाउंडच्या कोपऱ्यात पडलेल्या विटांकडे बोट दाखवले. कोणा बांधकामाच्या उरलेल्या, कोणी टाकल्या माहीत नाही. त्याही कोणी पेरल्या नव्हत्या.

ओट्यावरच्या पत्र्याखाली चूल मांडली. रस्त्याकडेच्या झाडाच्या वाळक्या काटक्या मी गोळा केल्या, त्या पावसात अर्ध्या भिजलेल्या. मी फुंकर घालायला वाकलो तर सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "जवाईले धूर लागी. त्यास्ले उठाडा." मला उठवण्यात आले. जावयाने काम करायचे नसते, ही आणखी एक रीत. ती मला सोयीची आहे.

धूर गल्लीभर झाला. शेजारच्या मासी फाटकाशी आल्या; आमचा गॅस संपला असे समजून आपला सिलिंडर देऊ लागल्या.

"शुं थयुं बेन? गॅस पती गयो? मारो बाटलो लई जाओ."

"ना मासी, छे गॅस," बायको म्हणाली.

"तो पछी आ शुं?"

 "माय जेवाय बेठी," असे बायकोने अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या अहिराणीत सांगितले. मासींनी मान डोलावली आणि खुर्ची आणून आपल्या ओट्यावर बसल्या.

घोळ कितीही धुतली तरी तिची माती सुटत नाही. धुवायला पाणी नळाचे, म्हणजे आमचे. पण धुतलेले पाणी ओतून जाते, पोटात जात नाही, असा निर्णय सासूबाईंनी जागच्या जागी दिला. डाळ आणि पीठ भिजवायला पाणी सासऱ्यांनी बाटल्यांतून घरून आणले होते. आता स्वयंपाक करायचा कोणी, हा शेवटचा प्रश्न होता. बायको पातेल्याजवळ बसली आणि थांबली. "मी केलं तं चाली का?" तिने विचारले. सगळी सुरुवात याच्यासाठी होती आणि ती आता विचारायला घाबरत होती.

सासूबाईंनी तिच्याकडे असे बघितले की काय हा प्रश्न.

"हात तुना कधीपासून व्हयना? तो मनाच हात शे. मी दिधा तुले. टाक तेल."

लसूण-मिरची ठेचून तेलात पडली आणि मासी आपल्या खुर्चीत शिंकल्या. घोळ आणि डाळ शिजत असताना बायकोने भाकरी थापल्या. कळण्याची भाकरी आमच्याकडे क्वचित होते, पहिली तव्यावर चिरली. सासूबाई फक्त हसल्या. दुसरी फुगली.

जेवताना असे झाले की सगळे सामान सासूबाईंचे असल्यामुळे यजमान त्याच ठरल्या. आमच्याच ओट्यावर त्यांनी आईला पाट दिला, आधी तिला वाढले आणि आग्रह केला. आईने आजवर जे उपटून फेकले त्याचा पहिला घास भाकरीत धरून तोंडात टाकला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो.

"आंबट आहे," ती म्हणाली. आणखी एक घास घेतला. "बरी आहे. श्रावण संपला की यात थोडा जवळा घालायचा. सुका जवळा, भाजून. मग बघा तुमची पानांची घोळ."

"जवळा म्हंजे?"

"बारीक कोळंबी हो. समुद्राची."

"पाल्यामा कोळंबी?" सासूबाई आधी घाबरल्या, मग त्यांना कल्पना आवडलेली दिसली. "करू."

मग त्या स्वतः जेवायला बसल्या. लेकीच्या ओट्यावर, लेकीने थापलेली भाकरी हातावर घेऊन.  दुसरी भाकरी मागितली, तिसरी अर्धी घेतली. सासरे टपरीचा रिकामा कप बाजूला ठेवून परातीतच जेवले. बायको जेवायची विसरली होती. आईने तिला हाताला धरून खाली बसवले.

सामान परत न्यायचे कोणी मनावर घेतले नाही. बरणी, पीठ, पुडी आमच्या ओट्यावरच्या कोनाड्यात राहिले, आणि पुढच्या रविवारी त्याच विटांवर पुन्हा घोळ झाली, त्याच्या पुढच्याही. श्रावण संपल्यावर आईने जवळा आणला. सासूबाईंनी तो आधी हातात घेऊन मोजला, "मासा म्हनू का मुंग्या?" असे विचारले आणि शेवटी पातेले पुसून खाल्ले. जवळा आईने स्वतः बाजारातून आणला होता, म्हणजे तो विहिणीचा. पण तो कोणाचा, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही.

एका रविवारी फोडणीला बसताना बायकोने कोनाड्यातली बरणी उघडली. तिच्यात तेल नव्हते. बुडाला एक थेंब होता, तो ती तिरकी करून बघत राहिली. चूल पेटलेली, पातेले तापलेले. आई निवडता निवडता थांबली. मीही थांबलो. सासरे त्या दिवशी गावी गेले होते, नवागामला पळायला कोणी नव्हते. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी बरणीकडे बघितले, मग लेकीकडे.

"देखत काय ऱ्हायनी?" त्या म्हणाल्या. "पातेलं जळनं. तुनं टाक."

बायको आत पळाली. तेलाचा मोठा डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आली आणि ओतायला लागली. तिला कुठे थांबावे ते समजेना.

"अगं बास!" आई ओरडली. "भाजी करतेस की भजी?"

"टाकू दे, याहीन," सासूबाई म्हणाल्या आणि सोललेला लसूण त्या तेलात सोडला. "लेकनं शे."